माल कोणाच्या हाती पडणार?

नागपूरच्या सक्करदऱ्यात बुधवारी बाजार भरतो. त्या दिवशी आमच्या गल्लीत स्कूटर घालायला जागा उरत नाही आणि भाजीवाल्यांची हाक थेट माझ्या टेबलापर्यंत येते. या खोलीत बसून मी निर्यातीचे कागद तयार करतो. बुटीबोरी, हिंगण्याच्या लहान कारखान्यांचा माल मिहानच्या डेपोतून न्हावा शेवाला जातो आणि तिथून बोटीवर चढतो. माल मी क्वचितच पाहतो. माझ्यासमोर येतात ते त्याचे कागद: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, टेस्ट सर्टिफिकेट, शिपिंग बिल. बावीस वर्षं हेच काम चाललं आहे.

शस्त्रांचा चोरटा व्यापार म्हटला की लोकांना रात्रीचं बंदर आणि बंद पेट्या आठवतात. मला आठवते भरदिवसा टेबलावर आलेली एक पातळ फाइल.

2019 चा पावसाळा होता. एका पार्टीची चार टन ॲल्युमिनियम पावडर दुबईला जायची होती. इन्व्हॉइसवर लिहिलं होतं, रंगासाठी. नागपूरला या पावडरीचं नवल नाही. खाणीतल्या स्फोटकांत ती लागते, आणि देशभरातल्या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसोचं मुख्यालयही याच शहरात आहे. मी कोड टाकला, किंमत टाकली आणि सवयीने टेस्ट सर्टिफिकेट उलटून पाहिलं. शुद्धता 99 टक्क्यांच्या वर. बहुतेक कण 40 मायक्रॉनच्या आत. कणांचा आकार, गोलाकार.

तिथे माझा हात थांबला. चंदेरी रंगात घालतात ती पावडर पापुद्र्यासारखी असते. चपटे कण एकमेकांवर पसरतात म्हणून रंगाला चकाकी येते. गोल कणांनी ती येत नाही. गोल कण रॉकेटच्या घन इंधनात दाटीने बसतात, नीट मिसळतात आणि एकसारखे जळतात. आपल्या सरकारची स्कोमेट नावाची यादी आहे. तीत शस्त्रं तर आहेतच, शिवाय साध्या कामाला आणि शस्त्रालाही चालतील अशा वस्तू आहेत. त्या परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. 97 टक्के किंवा त्याहून शुद्ध आणि 200 मायक्रॉनपेक्षा बारीक अशी गोलाकार ॲल्युमिनियम पावडर त्या यादीत येते.

मी पार्टीकडे एंड-यूज सर्टिफिकेट मागितलं. म्हणजे माल शेवटी कोण वापरणार आणि कशासाठी, याचं लेखी वचन. दोन दिवसांत ते आलंही. दुबईच्या एका ट्रेडिंग कंपनीचा लेटरहेड, निळा गोल शिक्का, खाली सही: माल आम्हीच वापरू. पत्त्यात एका इमारतीतला ऑफिस नंबर होता, कारखान्याचा उल्लेखच नव्हता. चार टन पावडर ऑफिसात बसून कोण वापरतं?

पार्टीचा माणूस म्हणाला, "भाऊ, काहून एवढा विचार करून राहिले? दुबईलेच तर चालला माल."

"अन् दुबईहून पुढे?"

"त्याच्याशी आपल्याले काय करायचं?"

या कामाचा सगळा गाभा त्या एका प्रश्नात आहे. मी परवाना लागेल असं लिहून फाइल परत केली. त्यानंतर ती पार्टी माझ्याकडे आली नाही. मी मात्र हे पुढे कोणत्याही सरकारी कचेरीत कळवलं नाही. गिऱ्हाईक तुटायची भीती वाटली. ते माझं चुकलं, आणि आजही ते मनाला लागून आहे.

टेस्ट सर्टिफिकेट वाचायची ही सवय मला एका जुन्या प्रकरणाने लावली. इराकवर 1990 पासून संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होते. तरी 1998 ते 2001 या काळात एनईसी इंजिनियर्स या भारतीय कंपनीचा माल तिथे पोचत होता. त्यात टायटॅनियमची भांडी होती, पंप होते आणि हीच गोलाकार ॲल्युमिनियम पावडर होती. कागदांवर मालाचं वर्णन खोटं होतं आणि वाट दुबई, जॉर्डनमार्गे होती. आपल्या तपास यंत्रणांनी गुन्हा दाखल केला. पण त्या आधी एका मागोमाग एक खेपा निघून गेल्या होत्या. प्रत्येक खेपेची फाइल माझ्यासारख्याच कोणाच्या तरी टेबलावरून गेली असणार.

बाजारात हमाल साखरेची पोती उतरवताना दिसले की मला दोन जहाजं आठवतात. जून 1999 मध्ये कु वोल सान हे उत्तर कोरियाचं जहाज साखर उतरवायला कांडला बंदरात आलं. त्यावरच्या पेट्यांवर पाणी शुद्ध करण्याची यंत्रं असं लिहिलं होतं आणि मुक्काम माल्टा दाखवला होता. कस्टमच्या लोकांनी खलाशांचा विरोध मोडून पेट्या उघडल्या, तर आत क्षेपणास्त्रांचे भाग आणि ते बनवायचे नकाशे निघाले. दुसरं जहाज चोंग चोन गांग, तेही उत्तर कोरियाचंच. जुलै 2013 मध्ये पनामात ते अडवलं गेलं. क्युबाच्या सुमारे 10,000 टन साखरेच्या पोत्यांखाली दोन मिग-21 विमानं, 15 इंजिनं आणि क्षेपणास्त्र यंत्रणेचे भाग दडवले होते. कांडल्याच्या त्या कस्टमवाल्यांबद्दल मला फार आदर आहे. पेटीवर काय लिहिलं आहे ते वाचून ते थांबले नाहीत.

शिक्का खरा असला तरी वचन खरं असेलच असं नाही. मार्च 1999 मध्ये युक्रेनची 68 टन शस्त्रं बुर्किना फासोच्या राजधानीत उतरली. सोबतच्या प्रमाणपत्रात लिहिलं होतं की वापर याच देशात होईल, माल पुढे जाणार नाही. काही दिवसांतच ती लायबेरियात पोचली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पुढे दाखवून दिलं की तिथून ती सिएरा लिओनच्या बंडखोरांना मिळाली. लायबेरिया आणि हे बंडखोर, दोन्हींवर शस्त्रबंदी होती. ते बंडखोर गावकऱ्यांचे हात तोडत होते.

आता आपल्या शहराकडे येतो. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय अंबाझरीला आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये या कंपनीने 122 मिलिमीटर तोफांच्या नळ्या यांगूनच्या एका कंपनीला पाठवल्याची कागदपत्रं जस्टिस फॉर म्यानमार या संघटनेने प्रसिद्ध केली. म्यानमारमध्ये फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि ते आपल्याच गावांवर तोफा डागत आलं आहे. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या मे 2023 च्या अहवालानुसार सत्तापालटानंतर भारतातून 5 कोटी 10 लाख डॉलरचं लष्करी साहित्य तिकडे गेलं. रशियाचा आकडा 40 कोटींच्या वर होता.

हा व्यवहार बेकायदा म्हणता येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. अमेरिका, युरोपीय संघ यांनी म्यानमारवर निर्बंध घातले आहेत, पण सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी घातलेली नाही. 18 जून 2021 रोजी महासभेने म्यानमारला शस्त्रं जाऊ देऊ नका असं आवाहन केलं, त्याच्या बाजूने 119 मतं पडली आणि भारत तटस्थ राहिला. मला विचाराल तर तोफेच्या नळीबाबत तटस्थ राहता येत नाही. माझ्या फाइलवर मी जो प्रश्न विचारला, तोच त्या फाइलवरही विचारायला हवा होता. आणि त्याचं उत्तर तर यांगूनच्या प्रत्येक रस्त्यावर दिसत होतं.

2024-25 मध्ये भारताची संरक्षण निर्यात 23,622 कोटी रुपयांवर गेली. या मालाचा काही भाग बनवणारे हात अंबाझरी, भंडारा, भद्रावती, बाजारगावचे आहेत. हे काम जिवावरचं आहे. जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. ज्या मालासाठी आपली माणसं मरतात, तो कोणाच्या हाती पडतो हे त्यांच्या घरच्यांना कळायला हवं. सरकार एकूण आकडा अभिमानाने सांगतं, पण कोणत्या देशाला काय गेलं याची पूर्ण यादी देत नाही. दरवर्षी ती यादी संसदेसमोर ठेवावी. विदर्भाच्या खासदारांनी ती मागावी, आणि आपण त्यांना मागायला लावावं.