चित्र मोठं की खेळ?

व्हिडिओ गेममध्ये ग्राफिक्स महत्त्वाचे की गेमप्ले, हा वाद नाटकातल्या नेपथ्य आणि संहितेच्या वादासारखा वाटतो. पण नाटकात नेपथ्य भारी केलं म्हणून नटाचा संवाद उशिरा ऐकू येत नाही. गेममध्ये नेमकं तसंच घडतं.

देहूरोडहून लोकलनं पुण्याला जाताना ‘बीजीएमआय’ खेळणारी मुलं मला नेहमी दिसतात. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. शेवटपर्यंत तगेल तो जिंकतो. या गेममध्ये चित्राच्या दर्जाच्या पायऱ्या आहेत, ‘स्मूथ’पासून वर ‘अल्ट्रा एचडी’पर्यंत. गंमत अशी, की खेळात मुरलेली मुलं सहसा सर्वांत खालची पायरी निवडतात. फुकट मिळणारं देखणं चित्र ती आपणहून नाकारतात.

यामागे साधं गणित आहे. दृश्य हलतं दिसावं म्हणून फोन सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं नव्यानं काढतो. ६० काढायची तर एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. सावल्या, पाण्यातलं प्रतिबिंब, गवताची पाती, सगळं तेवढ्यात उरकायचं. नाही उरकलं तर चित्रं कमी निघतात आणि बोटाचा हुकूम पडद्यावर उशिरा उमटतो. त्यात फोन तापला, की तो स्वतःचा वेग आणखी उतरवतो. तोवर समोरच्यानं गोळी झाडलेली असते.

गेम बनवणाऱ्यांपुढेही असाच हिशेब असतो, फक्त तिथे मिलिसेकंदांच्या जागी पैसा आणि माणसं असतात. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवू पाहणाऱ्या मुलीची ही कथा. लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा २०१७ मधला प्रयत्न फसला होता, तरी हा छोटा चमू मागे हटला नाही. हुबेहूब वास्तवाच्या मागे न लागता त्यांनी पहाडी लघुचित्रांची शैली आणि छायाबाहुल्यांची निवेदनपद्धत घेतली. गेमच्या रूपाचं जगभर कौतुक झालं. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनही मिळालं. मात्र लढाया त्याच त्या होतात, अशी तक्रार अनेक समीक्षकांनी केली. डोळ्यांना जे मिळालं, ते बोटांना तितकंसं मिळालं नाही.

मग चित्र म्हणजे निव्वळ सजावट का? तसंही नाही. आपला मोक्षपट आठवून पाहा. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावे सांगते. सापशिडीचं हे जुनं रूप. त्यात खेळाडूच्या हाती काहीच नसतं, दान पडेल तसं सरकायचं. खेळ म्हणून तो अगदी दुबळा. पण शिडीला सद्गुणाचं आणि सापाला दुर्गुणाचं नाव दिलं, की त्याला अर्थ येतो. इथे सगळा भार पटावरच्या चित्रानं उचलला आहे.

म्हणून मला वाटतं, चित्र किती झगमगीत आहे यापेक्षा ते खेळणाऱ्याला काय सांगतं, हे तपासावं. शत्रू कुठे लपलाय, उडी कुठवर पोचेल, या घटनेचा अर्थ काय, हे सांगणारं चित्र खेळाचाच भाग असतं, बाकीचं नेपथ्य. या दिवाळीत घरातल्या मुलानं ‘ग्राफिक्ससाठी’ महागडा फोन मागितला, तर आधी त्याला एवढंच विचारा : तू खेळतोस कुठल्या सेटिंगवर?