काचेतील बाग आणि वायूचा हिशेब

रात्री दिवा मालवताना टवटवीत दिसणारी पाणबाग आणि पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करणारे मासे, असे दृश्य घरी लहान मत्स्यपेटी ठेवणाऱ्या हौशी मंडळींना कधी ना कधी पाहावे लागते. पाण्यात वनस्पती आहेत म्हणजे माशांना प्राणवायू मिळणारच, ही समजूत पक्की असल्याने दोष पाण्याला किंवा दुकानदाराला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा चुकलेला असतो तो कार्बन डायऑक्साईडचा आणि खताचा हिशेब.

माशांपेक्षा वनस्पतींना प्राधान्य देणारी पेटी जगभर लोकप्रिय करण्याचे श्रेय मुख्यत्वे जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांना जाते. त्यांच्या हिरव्यागार रचनांमागे तीन गोष्टींचा मेळ होता: प्रकाश, कार्बन डायऑक्साईड आणि अन्नद्रव्ये. फ्लॅटच्या दिवाणखान्यातील दीड फुटी पेटीलाही हाच नियम लागू आहे.

वनस्पतीच्या कोरड्या वजनात ४० टक्क्यांहून अधिक वाटा कार्बनचा असतो. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात मात्र कार्बन डायऑक्साईड लिटरमागे एक मिलिग्रॅमही नसतो. शिवाय हा वायू हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी मंद गतीने पसरतो. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या काही पाणवनस्पती पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवतात. अनेक नाजूक जातींना ते साधत नाही. म्हणूनच हा वायू बाहेरून पुरवला जातो व त्याची पातळी साधारणपणे लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम राखली जाते.

एक ग्रॅमचा प्रश्न

दीड फुटी पेटीत जेमतेम ३० लिटर पाणी असते. त्यात ३० मिलिग्रॅमची पातळी गाठायला एक ग्रॅमहूनही कमी वायू विरघळलेला पुरतो. याउलट घरगुती पद्धतीच्या बाटलीत यीस्टच्या साहाय्याने २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर सुमारे १०० ग्रॅम वायू तयार होतो. त्यातील बराचसा हवेत निघून जातो हे खरे. पण ही बाटली रात्री बंद करता येत नाही. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबते, वनस्पतीही माशांप्रमाणेच प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साईड सोडू लागतात आणि पातळी चढत जाते.

मासा आपल्या रक्तातील कार्बन डायऑक्साईड कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. पाण्यातच तो वायू दाटला की ही वाट अडते, रक्त आम्लधर्मी होते आणि प्राणवायू वाहून नेण्याची त्याची क्षमता घटते. त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासे गुदमरतात. अशा वेळी वायू तत्काळ बंद करावा, हवेचा पंप सुरू करावा आणि काही पाणी बदलावे.

सिलिंडर, नियंत्रक झडप आणि टायमर ही व्यवस्था महाग असली तरी अधिक भरवशाची. दिवे लागण्याच्या तास-दोन तास आधी वायू सुरू करावा आणि दिवे मालवण्यापूर्वी तासभर बंद करावा. पातळी पाहण्यासाठी ‘ड्रॉप चेकर’ ही काचेची छोटी कुपी मिळते. तिच्यात पेटीतले पाणी न घालता ४ अंश कार्बोनेट काठिण्याचे तयार पाणी आणि सूचक द्रव घालायचा असतो. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे योग्य, पिवळा म्हणजे धोका. मात्र हा रंग बदलण्यास एक ते दोन तास लागतात. तोवर माशांच्या हालचालींवर लक्ष ठेवणे हाच खरा उपाय.

खत किती, कोणते?

शेतीप्रमाणे येथेही नत्र, स्फुरद, पालाश आणि लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये लागतात. जुनी पाने पिवळी पडू लागली तर नत्राची, जुन्या पानांना बारीक छिद्रे पडली तर पालाशाची आणि नवी पाने फिकी निघाली तर लोहाची कमतरता संभवते. पेटीत मासे भरपूर असतील तर त्यांच्या विष्ठेतून नत्र व स्फुरद मिळतच असते. उणीव बहुधा पालाश आणि लोहाची राहते.

पोटॅशियम नायट्रेटचा एक ग्रॅम ३० लिटर पाण्यात टाकल्यास नायट्रेटची पातळी लिटरमागे २० मिलिग्रॅमने वाढते. तोच ग्रॅम ३०० लिटरच्या पेटीत केवळ २ मिलिग्रॅमची भर घालतो. लहान पेटीत चिमटीच्या अंदाजाने खत टाकणे म्हणूनच अंगाशी येते. गच्चीवरील कुंड्यांसाठी आणलेला युरिया तर येथे वर्ज्यच. त्यापासून माशांना विषारी ठरणारा अमोनिया तयार होतो. शेतीसाठीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणातील तांबे कोळंबी व गोगलगायींच्या जिवावर बेतू शकते.

अमेरिकेतील टॉम बार यांनी प्रचलित केलेल्या पद्धतीत खत ठरावीक मात्रेत द्यायचे आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलायचे असते. आठवड्याला १० मिलिग्रॅमची भर पडत असेल, तर वनस्पतींनी काहीच शोषले नाही असे मानले तरी त्या खतामुळे पातळी २० मिलिग्रॅमपुढे जात नाही. नवे पाणी क्लोरीनमुक्त असावे, एवढे मात्र पाहावे.

या साऱ्याची गती ठरवतो तो प्रकाश. ज्या घटकाची सर्वाधिक उणीव, तोच वाढीला लगाम घालतो, हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केलेला नियम येथेही खरा ठरतो. प्रखर दिवे लावले आणि वायू अपुरा पडला, तर उरलेल्या संधीचा लाभ शेवाळे घेते. मग लोक खत बंद करतात, वनस्पती आणखी खंगतात आणि शेवाळे अधिकच फोफावते. अशा वेळी आधी दिव्यांचा काळ सहा तासांवर आणावा.

नवशिक्यांनी तर सुरुवात वायूविनाच करावी. जावा फर्न, अनुबियास यांसारख्या संथ वाढणाऱ्या वनस्पती मंद प्रकाशात, अत्यल्प खतावर उत्तम जगतात. त्या वर्षभर सांभाळता आल्या की मग सिलिंडरचा विचार करावा. तोवर पेटीतील माशांनाही पहाटे वर येऊन तोंड उघडण्याची वेळ येणार नाही.