पोकळ पृथ्वी आणि बहरलेली बाग

आपण पृथ्वीच्या पाठीवर राहतो, हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु आपण तिच्या पोटात राहतो, सूर्य-तारेही त्याच पोटात फिरतात, असे मानणाऱ्या मंडळींनी अमेरिकेत एक गाव वसविले होते. फ्लॉरिडा राज्याच्या नैर्ऋत्य भागात, फोर्ट मायर्स आणि नेपल्स या शहरांच्या दरम्यान एस्टेरो नदीकाठी ते आहे. आज त्याचे सरकारी उद्यान झाले असून त्याला कोरेशन स्टेट पार्क म्हणतात.

सायरस टीड हा न्यू यॉर्क राज्यातला वैद्य. १८६९ साली आपल्याला साक्षात्कार झाला, असे तो सांगे. 'कोरेश' हे सायरस या नावाचे हिब्रू रूप त्याने धारण केले आणि १८९४ मध्ये अनुयायांसह तो येथील रानात आला. १८९७ साली या मंडळींनी नेपल्सच्या किनाऱ्यावर लाकडी चौकटी एकापुढे एक जोडून मैलोगणती सरळ रेषा आखली आणि पृथ्वी आतून वाटीसारखी आहे, असा निष्कर्ष काढला! कल्पना वेडगळ, पण माणसे आळशी नव्हती. त्यांनी छापखाना, पावभट्टी, यंत्रशाळा उभारली; नाटके केली, वाद्यवृंद जमविला. कारभार सात स्त्रियांच्या मंडळाकडे असे. त्यांचे दुमजली घर आजही पाहावयास मिळते.

१९०८ च्या डिसेंबरात टीड वारला. तो पुन्हा उठेल म्हणून शिष्य काही दिवस वाट पाहत बसले. शेवटी आरोग्य खात्याच्या हुकमाने दफन करावे लागले. १९२१ च्या वादळात ती समाधीही समुद्राने नेली. आतल्या गोटातील मंडळींनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेले. नवे लोक येईनात. पंथ हळूहळू आटत गेला. नाझी जर्मनीतून आलेल्या हेडविग मिशेल या बाईंनी त्याची अखेरची धुरा वाहिली. १९६१ मध्ये उरलेल्या चौघांनी सुमारे तीनशे एकर जमीन राज्याला देऊन टाकली. १९८२ साली बाई वारल्या. त्यांची समाधी येथेच आहे.

एस्टेरो आपल्या कानपूरच्या अक्षांशावर येते. पण समुद्रामुळे हवा दमट, हिवाळा सौम्य. म्हणून पंथीयांनी लावलेले बांबू आणि आंबे येथे सुखाने नांदतात. मराठी प्रवाशाला परमुलखात माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटावे! वाळूत बिळे करणारी गोफर कासवे दिसतात. त्यांच्या बिळांत साप, बेडूक, किडे असे शेकडो जातींचे जीव आसरा घेतात. छोट्या होडीने नदीतून खाली गेल्यास खारफुटीतून खाडी लागते. तेथे माउंड की नावाचे बेट आहे. ते कालूसा नावाच्या आदिवासींनी शिंपल्यांच्या राशींवर वाढविले.

तंबू ठोकून राहावयाचे असल्यास नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पाऊस, डास आणि वादळे. जागेची आगाऊ चौकशी करावी. मगरींना खाऊ घालू नये. ते बेकायदा तर आहेच, पण माणसाला न भिणारी मगर फार धोक्याची.

टीडचे गणित चुकले, त्याचे पुनरुत्थानही झाले नाही. परंतु वारस नसलेल्या या लोकांनी आपली जमीन विकून न टाकता सर्वांना खुली केली. पृथ्वीच्या पाठीवर राहणाऱ्यांपैकी असे करणारे किती?