काश्मीरची उंचावरची तळी : ट्रेकला जाताय? मग एवढं समजून घ्या

बेळगाव : जुलै उजाडला, की पावसाने आपल्या डोंगरवाटा निसरड्या होतात आणि ट्रेकिंगची आवड असणारे काश्मीरची तयारी सुरू करतात. तिथे आपल्यासारखा पाऊस नसतो आणि खिंडीतला बर्फही तोवर वितळलेला असतो. सोनमर्गहून निघून नारानागला उतरणारी ‘ग्रेट लेक्स’ची वाट साधारण सत्तर किलोमीटरची. वाटेत विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, नुंदकोल आणि गंगाबल ही तळी लागतात. ‘सर’ म्हणजे आपलं सरोवरच. पण गडसरमधला ‘गड’ म्हणजे किल्ला नव्हे. काश्मिरीत ‘गाड’ म्हणजे मासा.

तळी झाली कशी?
आपल्या गडांवरची टाकी माणसाने खोदली. ही तळी बर्फाने खोदली. हिमयुगात डोंगराच्या कुशीत साचलेला बर्फ स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकत राहिला आणि त्याने खडक खरवडून वाटीसारखे खड्डे केले. सोबत आणलेले दगडगोटे तोंडाशी टाकले, त्याचा बांध झाला. बर्फ वितळला, वाटीत पाणी राहिलं. सह्याद्रीवर हिमनद्या नव्हत्या, त्यामुळे अशी तळी आपल्याकडे नाहीत.

पाणी जातं कुठे?
खरा मुद्दा इथे आहे. बहुतेक तळी साडेतीन हजार मीटरच्या वर आहेत. गंगाबल सुमारे अडीच किलोमीटर लांब, बाकीची त्याहून लहान. पण विशनसरचं पाणी किशनगंगेला मिळतं. गंगाबलचं पाणी नुंदकोलमधून वांगथ नाल्याने सिंध नदीत आणि पुढे झेलममध्ये जातं. म्हणजे आपण जिथे हात-तोंड धुतो, ते खालच्या गावांच्या पाण्याचं उगमस्थान आहे. हरमुख शिखराच्या पायथ्याचं गंगाबल तर काश्मिरी पंडितांचं तीर्थ. तिथे अस्थी विसर्जित करतात.

त्यात पाणी बर्फासारखं गार आणि वर्षातले बरेच महिने गोठलेलं. थंडीत कुजण्याची क्रिया मंदावते. आपल्या विहिरीजवळ टाकलेली भाजीची सालं काही आठवड्यांत माती होतात, तिथे ती फार काळ तशीच पडून राहतात. प्लास्टिकचं तर विचारूच नका.

काय पाळायचं?
साबण, शॅम्पू ‘हर्बल’ असला तरी तळ्यात नको. भांडी धुणं आणि शौच तळ्यापासून किमान दोनशे फूट लांब. मॅगीचं पाकीट, ओले टिश्यू परत सॅकमध्ये. गडसरची खिंड सुमारे ४,२०० मीटरवर आहे, तिथे विरळ हवेने डोकं दुखतं, मळमळतं. अशा वेळी वर चढायचं नाही. त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचं. नियंत्रण रेषा जवळ असल्याने वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासतात, म्हणून मूळ आधार कार्ड सोबत हवंच.

फोटो हवे तेवढे काढा. पोहण्याचा मोह मात्र टाळा. त्या गार पाण्यात हातपाय बघता बघता आखडतात आणि दवाखाना दोन-तीन दिवसांच्या चालीवर असतो.