गाडी तापलीय? आधी तुम्ही थंड घ्या!

रविवार, घरून मागून आणलेली कार, आत पाच जण आणि सिल्लोडहून अजिंठा लेणी. प्लॅन भारी आहे. जाताना काही वाटतही नाही, कारण अजिंठा गाव सोडलं की फर्दापूरकडे घाट उतरायचा असतो. गाडीची खरी परीक्षा परतीला. तोच घाट आता चढायचा, दुपारचं ऊन, एसी फुल आणि पुढे रांगणारा भरलेला ट्रक. स्पीड नाही म्हणजे रेडिएटरला समोरून वारा नाही, खालच्या गिअरवर इंजिनाची मेहनत मात्र सुरूच. मग टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागतो. बऱ्याच नव्या गाड्यांत काटाच नसतो, थेट लाल दिवा लागतो.

आणि गाडीत अचानक पाच मेकॅनिक तयार होतात! एक म्हणतो, ‘घाट संपू दे, मग बघू.’ दुसरा म्हणतो, ‘झाकण उघड, पाणी ओत.’ दोघांचंही ऐकू नका.

काटा नुसता चढतोय?

एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर फुल सोडा. हो, भर मे महिन्यातसुद्धा! हीटर इंजिनातल्याच गरम पाण्यावर चालतो. तो लावला की इंजिनाची थोडी उष्णता आत तुमच्याकडे येते. घामाघूम व्हाल, पण इंजिनाला आधार मिळेल.

लाल दिवा लागला, वाफ दिसली?

आता चर्चा नको. वळण टाळून गाडी डाव्या कडेला घ्या. चारही इंडिकेटर लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड ठेवा. सगळे उतरून रस्त्यापासून लांब उभे राहा. ‘पुढच्या गावापर्यंत जाईल की’ हे वाक्य फार महागात पडतं. अति तापलं की इंजिनाचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं. फुटलेल्या पाइपाचं किरकोळ काम थेट इंजिन खोलण्यावर जातं.

झाकणाला हात नाही!

शिट्टी होत असताना कुकरचं झाकण कुणी काढतं का? इथेही तेच. दाबामुळे रेडिएटरमधलं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी, वाफ थेट चेहऱ्यावर, हातावर येते. त्यामुळे वाफ थांबेपर्यंत बोनेटही उघडू नका. उघडल्यावर फॅनपासून हात लांब ठेवा. इंजिन बंद असलं तरी तो आपोआप फिरू शकतो.

किमान अर्धा-पाऊण तास थांबा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर जाड फडकं धरून झाकण हळूहळू फिरवा. कूलंट नसेल तर साधं पाणी चालेल, पण तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. पाणी भरूनही गळत असेल किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर गाडी चालवू नका. टोचन करून गॅरेजला न्या.

कुणी भाजलंच तर जखमेवर 20 मिनिटं साधं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद काही नको. जास्त भाजलं असेल तर लगेच 108.

निघण्यापूर्वी दोन मिनिटं

सकाळी गार इंजिनावर कूलंटची बाटली बघा. पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये हवी. गाडीखाली ओला डाग आहे का, रेडिएटरच्या जाळीत माती, कचरा अडकलाय का, तेही पाहा.

तापलेली गाडी रेटण्यामागे बऱ्याचदा एकच भीती असते, ‘बाबा काय म्हणतील?’ ते बोलतील, बोलू द्या. घाटात थांबल्या थांबल्या पहिला फोन त्यांनाच लावा. गाडी कुठे उभी आहे, दिवा कधी लागला, सगळं खरं सांगा. मेकॅनिकचा नंबर बहुतेक त्यांच्याकडेच असतो.