फाल्गुन-चैत्रातील अंगणातली हिरवळ

दख्खनच्या पठारावर घरगुती हिरवळीची वसंतातील निगा म्हणजे प्रत्यक्षात उन्हाळ्याची पूर्वतयारी असते. थंड हवेच्या देशांत वसंतानंतर सौम्य उन्हाळा येतो आणि तेथील बागकामाच्या पुस्तकांतले वेळापत्रक त्याच हवामानाला धरून आखलेले असते. पुणे, नाशिक किंवा सोलापूर येथे मात्र फाल्गुन सरता सरता ऊन कडक होऊ लागते आणि पावसाला अजून तीन महिने अवकाश असतो.

येथील अंगणांत बहुधा हरळी असते, म्हणजेच गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. रोपवाटिकांत मिळणारे बारीक पानांचे अनेक वाण याच गवतातून निवडलेले आहेत. हरळी उष्ण हवामानातील गवत असल्यामुळे थंडीत तिची वाढ मंदावते व पाती फिकट पडतात, आणि पारा 25 ते 35 अंश सेल्सिअसच्या दरम्यान आला की ती जोमाने पसरू लागते. तिचा पसारा दोन प्रकारच्या खोडांनी होतो: जमिनीवरून सरपटत जाऊन पेरापेरांतून मुळे सोडणारी खोडे, आणि जमिनीखाली आडवी वाढणारी, अन्नसाठा करणारी खोडे, ज्यांना वनस्पतिशास्त्रात मूलक्षोड म्हणतात. ज्या चिवटपणापायी शेतकरी हरळीला वैतागतो, तोच अंगणात तिचा सर्वांत मोठा गुण ठरतो.

थंडी ओसरताच पहिले काम जमिनीचे असते. येण्याजाण्याने व पाण्याने काळी माती दबून घट्ट होते, तिच्यातील हवेची जागा कमी होते आणि दिलेले पाणी मुळांपर्यंत न उतरता वरच्या वर वाहून जाते. म्हणून माती किंचित ओलसर असताना दाताळ्या फावड्याने किंवा टोकदार सळईने वीतभर अंतरावर सात-आठ सेंटिमीटर खोल भोके पाडावीत, मुळाशी साचलेला वाळक्या काड्यांचा थर दाताळ्याने ओढून काढावा आणि चाळलेले कुजके शेणखत पातळ पसरून झाडूने भोकांत लोटावे. या कामाला पाठ वाकवावी लागते, परंतु त्याइतका उपयोग कोणत्याही विकतच्या खताचा होत नाही.

हिरवळ पिवळी दिसली की युरिया टाकण्याची सवय सर्वत्र आढळते. युरियात 46 टक्के नत्र असल्याने चौरस मीटरला दहा ग्रॅमपेक्षा जास्त मात्रा एका वेळी देणे धोक्याचे आहे, आणि तीही लगेच भरपूर पाणी देऊन विरघळवावी लागते, अन्यथा पाती करपतात. शिवाय चुनखडीयुक्त जमिनीत कोवळ्या पात्यांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर कमतरता बहुधा लोहाची असते, जी युरियाने भरून निघत नाही. तेथे लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून सायंकाळी फवारणे उपयोगी पडते, मात्र फरशीवर त्याचे डाग पडतात.

कापणीचा नियम असा की एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक पाते काढू नये, म्हणजे तीन सेंटिमीटर राखायचे असेल तर गवत साडेचारपर्यंत वाढताच कापावे. चैत्रानंतर मात्र उंची सेंटिमीटरभर वाढवावी, कारण उंच पाती मातीला सावली देतात व मुळेही खोल जातात. लव्हाळा नुसता उपटू नये. त्याच्या जमिनीखालील गाठी तुटून मागे राहतात आणि प्रत्येक गाठीतून नवे रोप फुटते, तेव्हा खुरप्याने खोल खणून गाठींसह काढणे हाच खात्रीचा उपाय आहे.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी पहाटे भरपूर द्यावे. एका चौरस मीटरवर 25 मिलिमीटर पाणी म्हणजे 25 लिटर, त्यामुळे वीस चौरस मीटरच्या लहानशा हिरवळीलाही एका आठवड्यात एवढे पाणी द्यायचे म्हटले तर 500 लिटर लागतात. टँकरवर गाव जगत असताना ते देणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही. अशा वर्षी हिरवळ खुशाल वाळू द्यावी, तिच्यावरून चालणे व कापणी थांबवावी, कारण पाती तपकिरी झाली तरी जमिनीखालील मूलक्षोडे जिवंत राहतात आणि मृगाच्या सरी पडल्यावर त्यांतूनच पुन्हा कोंब फुटतात.