इंग्लंडची रेल्वे-सहल, मिरजेपासून!



मागे एकदा आमच्या चौथीच्या वर्गात मी विचारलं, "तुम्हाला हवं तिथं सहलीला नेलं, तर कुठे जाल?" कुणी महाबळेश्वर म्हणालं, कुणी राणीची बाग, तर कुणी थेट चंद्रच! शेवटच्या बाकावरचा एकजण मात्र उभा राहून म्हणाला, "बाई, मला इंग्लंडला जायचंय. आगगाडी जन्मली तिथं."

सगळा वर्ग खो खो हसला. मला नाही हसू आलं. कारण हा पठ्ठ्या येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनांचे नंबर वहीत टिपून ठेवतो, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "चल, बेत आखू. कागदावर बेत आखायला तिकीट लागत नाही!"

तोच बेत आज तुमच्यापुढे ठेवते. आणि गंमत अशी, की या बेतातलं पहिलं स्टेशन निघालं आपलं मिरज!

एक साहेब आणि छोटी गाडी

आपल्या देशात पहिली प्रवासी आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे. पुढे मुंबईहून सोलापूरकडे मोठी लाइन गेली. पण बार्शी हे कापसाचं मोठं बाजारगाव त्या लाइनपासून तीस-पस्तीस किलोमीटर दूरच राहिलं. कापूस बैलगाडीनं न्यायचा म्हणजे किती हाल!

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर तेव्हा भारतात रेल्वेत नोकरीला होता. त्यानं ठरवलं, इथं छोटी, स्वस्त रेल्वे बांधायची. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. पण हलक्या रुळांवरून जड माल न्यायचा कसा? पालखी आठवा. खांदेकरी वाढले की प्रत्येकाच्या खांद्यावरचं ओझं कमी होतं ना? कॅलथ्रॉपनं तसंच केलं. इंजिन असो की डबा, चाकांच्या कुठल्याही एका जोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा नियमच त्यानं घातला.

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये आपल्या मिरजेला! त्याच साली कॅलथ्रॉप वारला. त्याची छोटी गाडी आता तीनशे किलोमीटरहून लांब धावत होती. किती वारकऱ्यांना तिनं विठोबाच्या दारी पोचवलं असेल, त्याची गणतीच नाही.

आता निघू या इंग्लंडला

बार्शीचं काम पाहून कॅलथ्रॉपला इंग्लंडमध्येही तसंच काम मिळालं. तिथल्या स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नावाच्या नदीचं खोरं आहे. हिरवं, डोंगराळ, गाईगुरांचं. तिथं त्यानं तीच अडीच फुटी रेल्वे बांधली, १९०४ साली. तिची दोन्ही इंजिनं लीड्स शहरातल्या किटसन कंपनीनं बनवलेली. बार्शीची पहिली इंजिनंही त्याच कंपनीची! म्हणजे चुलत भावंडंच म्हणा ना. ही गाडी मुख्यतः दूध वाहायची. आपल्या भिलवडीच्या मुलांना हे वाचून नक्की आपलेपणा वाटेल.

ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली. रूळ उखडले गेले. पण ती वाट त्या लोकांनी पुसू दिली नाही. १९३७ मध्ये तिथं पायवाट केली. आजही साधारण १३ किलोमीटरच्या या वाटेवर लोक चालतात, सायकली चालवतात, आणि 'इथून आमची गाडी जायची' असं मुलांना सांगतात.

म्हणून आपल्या बेतात पहिलं नाव मॅनिफोल्डचं. पुढची ठिकाणं अशी :

● यॉर्क : इथं १९७५ साली सुरू झालेलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. 'मॅलर्ड' नावाचं निळं इंजिन इथंच आहे. ३ जुलै १९३८ रोजी ते ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेगानं धावलं. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही कायम आहे.

● मँचेस्टर : लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये सुरू झाली. तिचं मँचेस्टरचं स्टेशन अजून उभं आहे.

● लंडन : जमिनीखालची पहिली रेल्वे इथली, १८६३ सालची. तीसुद्धा वाफेची! बोगद्यात किती धूर होत असेल, कल्पना करा. इथलं परिवहन संग्रहालयही पाहायचं.

● ब्लूबेल रेल्वे : ससेक्स परगण्यातली ही बंद पडलेली लाइन हौशी लोकांनी १९६० मध्ये पुन्हा सुरू केली. तिकीट तपासायला, इंजिन पुसायला गावातलेच आजी-आजोबा आणि तरुण मुलं! पगार नाही, नुसतं प्रेम.

पालकांसाठी दोन शब्द. पासपोर्ट आणि व्हिसा यांना वेळ लागतो, तेव्हा तयारी काही महिने आधी करावी. आपली उन्हाळी सुट्टी या सहलीला सोयीची. जूनमध्ये तिथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो. मात्र हौशी लोकांच्या रेल्वे रोज धावत नाहीत. त्यांचं वेळापत्रक आधी पाहावं, मग बाकीचे दिवस ठरवावेत. दहा ठिकाणं धावत पाहण्यापेक्षा चार ठिकाणं निवांत पाहावीत.

आधी सराव करू या

"बाई, पण एवढे पैसे कुठनं आणायचे?" वर्गातल्या एका मुलीनं विचारलंच. खरं आहे. मीही अजून इंग्लंडला गेलेली नाही. पण सरावाची सहल उद्याही काढता येईल. सातारा ते मिरज रेल्वेनं जा, वही-पेन्सिल घेऊन, खिडकीपाशी बसून.

ही लाइन १८९० च्या सुमाराची. आधी ती मीटरगेज होती. १९७० च्या सुमारास तिचं ब्रॉडगेज झालं. वाटेत कराडच्या पुढे शेणोली लागेल. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इथंच इंग्रज सरकारचा पगार नेणारी गाडी अडवली आणि तो पैसा स्वातंत्र्यलढ्यासाठी नेला. पुढे किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये निवडुंगाच्या माळावर वसवलेलं कारखान्याचं गाव. आणि मग मिरज. एके काळी इथं मोठी, मधली आणि छोटी अशा तिन्ही लाइनी एकत्र यायच्या!

छोट्या लाइनीचं २००० नंतर टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झालं. ते गरजेचंही होतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेनं व्याकूळ झालं होतं. तेव्हा मिरजेहून याच मार्गानं कृष्णेचं पाणी घेऊन 'जलदूत' गाडी गेली. १० टाक्यांमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी पहिल्याच फेरीत पोचलं. बैलगाडीतल्या कापसासाठी आखलेली वाट शंभर वर्षांनी तहानलेल्यांच्या कामी आली.

एक चूक माझी

माझी आजी याच छोट्या गाडीनं मिरजेहून पंढरपूरला जायची. लहानपणी ती सांगायची, "डोळ्यांत कोळशाची कणी जायची गं, पण गाडीत भजन चालायचं, त्यात कळायचं नाही." मी हूं हूं करत खेळायला पळायची. तिकीट किती होतं? रात्र कुठे काढायची? सोबत कोण असायचं? एकही प्रश्न मी विचारला नाही. आज प्रश्न भरपूर आहेत, आजी नाही.

मॅनिफोल्डच्या लोकांनी वाट जपली. आपल्या वाटेवर आता नवे रूळ आहेत, ते हवेतच. पण जुन्या गाडीच्या आठवणी फक्त माणसांजवळ उरल्यात, आणि ती माणसं थकत चाललीत. म्हणून मुलांनो, माझी चूक तुम्ही करू नका.

करून पाहा

१. शाळेच्या अंगणात खडूनं दोन-दोन समांतर रेघांच्या चार जोड्या आखा. रेघांमधलं अंतर असं : ७६२ मिलिमीटर (बार्शी आणि मॅनिफोल्ड), १००० (मीटरगेज), १४३५ (इंग्लंडची नेहमीची लाइन) आणि १६७६ (आपली ब्रॉडगेज). मग त्यांच्यामध्ये उभे राहा, फरक लगेच कळेल. खऱ्या रुळांवर मात्र कधीही उतरायचं नाही!

२. घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना विचारा, छोट्या गाडीत बसला होता का? कुठून कुठे? बरोबर काय नेलं होतं? त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. खाली तारीख टाका.

शेवटच्या बाकावरच्या त्या मुलानं आपल्या शेजारच्या आजोबांना विचारलं. पानभर मजकूर मिळाला. वहीच्या पहिल्या पानावर त्यानं लिहिलंय, 'इंग्लंडची सहल. स्टेशन पहिलं : मिरज.'

तुमच्या वहीतलं पहिलं स्टेशन कुठलं?